थेलोनियस मंक कुठून ऐकायला घ्यावा, आणि ते 'चुकलेले' सूर

तुमचा प्रश्न असा आहे की, दहा-बारा वर्षं पेटी वाजवलीय, आता कीबोर्ड घेतलाय, जॅझ ऐकायला लागलात, बिल एव्हान्स आणि ऑस्कर पीटरसन हे पियानिस्ट पहिल्या झटक्यात आवडले पण त्यांच्याच पंगतीतला पियानिस्ट थेलोनियस मंक लावला की सूर चुकल्यासारखे वाटतात, हात अडखळल्यासारखा, मध्येच थांबल्यासारखा वाटतो, मग लोक त्याला एवढं मोठं का मानतात, त्याच्या ढीगभर रेकॉर्ड्समधून आधी काय ऐकायचं आणि कीबोर्डवर काय बसवायचं. मी सव्वीस वर्षं पियानो शिकवतोय आणि हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं सगळं तिच्यातूनच येईल. मंक अल्बमप्रमाणे ऐकू नका, ट्यूनप्रमाणे ऐका. त्याने आयुष्यभरात साधारण सत्तर ट्यून्स केल्या, त्यातल्या बहुतेक नावाजलेल्या चाळिशीच्या आत, आणि पुढे मरेपर्यंत त्याच त्या वाजवल्या. नवीन काही सुचत नव्हतं म्हणून वाजवत होता असं काही लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडे एखादा गवई तीच बंदिश चाळीस वर्षं गातो तेव्हा आपण असं म्हणतो का? उलट म्हणतो की आता ती बंदिश त्याची झाली.

जन्म 10 ऑक्टोबर 1917, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटमध्ये. चार-पाच वर्षांचा असताना आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली, वेस्ट 63व्या स्ट्रीटवर, आणि तो पत्ता त्याने पुढे कित्येक दशकं सोडला नाही. 'मंकला शिक्षण नव्हतं, म्हणून तो असा वाजवायचा' ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल तर ती डोक्यातून काढून टाका. लहानपणी त्याला रीतसर क्लासिकल शिकवणी होती, गल्लीत स्ट्राइड वाजवणारे पियानिस्ट होते (स्ट्राइड म्हणजे डावा हात खाली बेस आणि वर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, असा उड्या मारत ताल धरतो आणि उजवा हात वर मोकळा), जेम्स पी. जॉन्सनसारखा त्या पद्धतीचा बाप माणूस त्याच भागात राहायचा. शाळा अर्धवट सोडून पोरवयातच तो एका धर्मप्रचारक बाईंच्या ताफ्याबरोबर गावोगाव चर्चचं संगीत वाजवत फिरला. म्हणजे हात तयार होता. तो जसा वाजवायचा तसं त्याने ठरवून वाजवलंय.

1940 नंतर हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये तो घरचा पियानिस्ट होता, ड्रम्सवर केनी क्लार्क, आणि रात्री उशिरा डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर, चार्ली ख्रिश्चन वगैरे मंडळी येऊन बसायची, बीबॉप नावाची जॅझची नवी शैली तिथे शिजली. गंमत बघा, त्या स्वयंपाकात मंकच्या कॉर्ड्स होत्या पण नाव झालं डिझीचं आणि पार्करचं. 1944 साली कोलमन हॉकिन्सने त्याला रेकॉर्डिंगला घेतलं, त्याच वर्षी कूटी विल्यम्सच्या बँडने 'राउंड मिडनाइट' रेकॉर्ड केलं, पण मंकच्या स्वतःच्या नावावर पहिली रेकॉर्ड निघायला 1947 उजाडलं, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. ब्लू नोट कंपनीचा आल्फ्रेड लायन आणि त्याची बायको लॉरेन यांना तो इतका पटला की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दीड महिन्यात तीन सेशन्स केली. 'रूबी, माय डिअर', 'वेल यू नीडन्ट', 'ऑफ मायनर', 'इन वॉक्ड बड', 'राउंड मिडनाइट', सगळं त्यातच. लॉरेन रेकॉर्ड्स घेऊन हार्लेमच्या दुकानांत फिरायच्या आणि दुकानदार म्हणायचे याला वाजवता येत नाही. म्हणजे तुम्हाला आज जे वाटतंय ते त्यांनाही वाटत होतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

आता 'चुकलेल्या' सुरांकडे येऊ. तुम्ही पेटीवाले, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. पेटीवर मींड निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधला सूर पट्टीवर नाहीच, पियानोचंही तेच. पण ब्लूज गाणारा माणूस कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधेच कुठेतरी सूर लावतो, वर-खाली करतो. मग पियानोवाल्याने काय करायचं? मंकने त्यावर काढलेला तोडगा असा: दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबायच्या आणि एक लगेच सोडायची. आत्ता कीबोर्डवर बसा. काळी पाच धरा, म्हणजे बी फ्लॅट तुमचा सा. डी फ्लॅट आणि डी, कोमल ग आणि शुद्ध ग, एकदम मारा आणि डी फ्लॅट त्याच क्षणी उचला. डी तेवढा राहू द्या. ऐकलंत? तो डी सरळ आला नाही, खालून घसरत आला. आवाज खरं तर घसरलेला नाही, कानाला तसं वाटलं एवढंच. आता हेच तीनशे वेळा करा, कारण सोडायची वेळ अर्ध्या क्षणाने चुकली की नुसता खडखडाट होतो. मंक ती वेळ चुकवत नाही. तो बोटं आडवी, सपाट ठेवून वाजवायचा म्हणून लोक हसायचे, पण तसं वाजवून पट्टीवर जे वजन पडतं ते नीट गोल केलेल्या बोटांनी पडत नाही, मी दोन्ही करून पाहिलंय. एकच अडचण म्हणजे तुमच्या कीबोर्डला वजनदार पट्ट्या नसतील तर यातलं निम्मं कळणार नाही, तेव्हा जमेल तेव्हा कोणाच्या तरी खऱ्या पियानोवर करून बघा.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, पेटी पक्की, कान तर फारच छान. 'रूबी, माय डिअर' बसवताना तिने डाव्या हातातला एक टोचणारा सूर काढून टाकला आणि त्याजागी सोयीचा घातला, कॉर्ड एकदम गोड झाली. चार-पाच वेळा वाजवली आणि स्वतःच थांबून म्हणाली, सर, आता ही दुसऱ्याच कोणाची तरी वाटते. मी काहीच बोललो नव्हतो. मंकच्या ट्यूनमध्ये मेलडी, कॉर्ड आणि लय हे तीन वेगळे थर नाहीत, एकाला हात लावला की बाकी दोन ढासळतात, म्हणून त्याच्या ट्यून्सवर नुसत्या कॉर्ड्स पाहून सोलो मारणारे लोक फसतात.

लयीचंही तसंच. 'स्ट्रेट, नो चेझर' घ्या, 1951 चं. बारा बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक विभाग) साधा ब्लूज, आणि आख्खी ट्यून जवळजवळ एकाच छोट्या तुकड्यावर उभी आहे: प सा रे, मग कोमल ग, शुद्ध ग. पण तो तुकडा दर वेळी वेगळ्या मात्रेवरून उठतो, कधी लांबतो, कधी तोडून टाकतो, त्यामुळे सूर तेच राहून वजन फिरत राहतं. तबल्याच्या साथीला वाजवलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं, नुसत्या कॉर्ड्स शिकलेल्याला महिनाभर कळत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि 'एव्हिडन्स' तर त्याहून पुढचं. 'जस्ट यू, जस्ट मी' नावाचं जुनं गाणं होतं, त्याच्या कॉर्ड्सवर याने ट्यून बांधली. 'जस्ट यू, जस्ट मी' म्हणजे 'जस्ट अस', त्याचं झालं 'जस्टिस', आणि जस्टिसला काय लागतो, तर पुरावा, एव्हिडन्स! नावात जशी काटछाट तशीच ट्यूनमध्ये, मधले सूर गाळून टाकलेत, नुसते ठोके उरलेत, आणि रिकाम्या जागी तुमचा कान आपोआप मोजायला लागतो. तुम्ही म्हणालात 'मध्येच थांबतो', तर तो तिथे थांबलेला नसतो, मोजत असतो. सोबत स्टीव्ह लेसी नावाचा सॅक्सोफोनवाला 1960 मध्ये काही महिने होता, त्याने मंकने सांगितलेल्या गोष्टी वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्यात आहे की तू ड्रमर नाहीस म्हणून लय सांभाळायची नाही असं नाही, पाय वाजव आणि वाजवताना मनात मेलडी गात राहा, आणि जे वाजवत नाहीस ते कधी कधी वाजवलेल्यापेक्षा महत्त्वाचं असतं.

1951 मध्ये घात झाला. मित्र बड पॉवेलबरोबर गाडीत असताना पोलिसांनी पकडलं, ड्रग्ज सापडले, मंकने तोंड उघडलं नाही, साठ दिवस तुरुंगात काढले आणि त्याचं कॅबरे कार्ड गेलं. न्यूयॉर्कमध्ये दारू विकणाऱ्या कुठल्याही क्लबात वाजवायला हे पोलिसांचं कार्ड लागायचं, म्हणजे कार्ड नाही तर पोटापाण्याचं काम नाही. ऐन पस्तिशीत, डोक्यात सगळं तयार असताना, सहा वर्षं स्वतःच्या शहरातल्या क्लबात त्याला जवळजवळ वाजवता आलं नाही. हे वाचलं की मला आजही चीड येते. नेली, त्याची बायको, कामं करून घर चालवत होती. त्या काळात तो प्रेस्टिज कंपनीसाठी अधूनमधून रेकॉर्ड करायचा, 1952 च्या ट्रिओतलं 'लिटल रूटी टूटी' (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे), 1954 मधलं 'ब्लू मंक'. त्याच 1954 मध्ये पॅरिसला गेला, तिथे पहिल्यांदा एकट्याने पियानोवर आख्खी रेकॉर्ड केली आणि तिथेच त्याची बॅरोनेस पॅनोनिकाशी ओळख झाली, रॉथ्सचाइल्ड घराण्यातली ही बाई पुढे शेवटपर्यंत त्याच्या कुटुंबाच्या पाठीशी उभी राहिली.

1955 ला रिव्हरसाइड या दुसऱ्या कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजने त्याला प्रेस्टिजकडून सोडवून घेतलं, किती पैशांत माहितीये? 108 डॉलर 27 सेंट, तेवढी उचल त्याच्या अंगावर होती. आधी दोन अल्बम मुद्दाम दुसऱ्यांच्या गाण्यांचे काढले, एक ड्यूक एलिंग्टनच्या ट्यून्सचा, एक जुन्या प्रसिद्ध गाण्यांचा, लोकांनी घाबरू नये म्हणून. मग 1956 च्या शेवटी 'ब्रिलियंट कॉर्नर्स'. त्याची मुख्य ट्यून इतकी अवघड की सनी रोलिन्स, ऑस्कर पेटिफोर्ड, मॅक्स रोच असली माणसं असूनही पंचवीसेक टेक झाले आणि एकही पूर्ण धड झाला नाही, शेवटी तुकडे जोडून ती बनवली. ट्यून एकदा संथ, मग दुप्पट लयीत, आणि बारांची संख्याही नेहमीच्या हिशोबात न बसणारी. ही आधी ऐकू नका, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ऐका. त्याच अल्बममधलं 'पॅनोनिका' मात्र लगेच ऐका, स्टुडिओत पडलेला सेलेस्टा (घंटीसारखा आवाज येणारं छोटं पियानोसारखं वाद्य) एका हाताने आणि पियानो दुसऱ्या हाताने वाजवलाय.

1957 हे त्याचं वर्ष. कार्ड परत मिळालं आणि उन्हाळ्यात फाइव्ह स्पॉट नावाच्या क्लबात सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनला घेऊन तो महिनोन्महिने वाजवत राहिला. कोल्ट्रेन तेव्हा व्यसनातून बाहेर पडत होता. तो सकाळी मंकच्या घरी जायचा, मंकला उठवायचा, मग मंक पियानोपाशी बसून ट्यून वाजवायचा आणि कोल्ट्रेन कानाने उचलायचा, अडला तर परत, अगदीच अडला तर कागद बाहेर यायचा, तोपर्यंत नाही. ही तालीमच झाली की! रात्री मंक मध्येच पियानो सोडून उठायचा आणि गोल गोल फिरत नाचायचा, कोल्ट्रेनला नुसत्या बेस आणि ड्रम्सबरोबर मोकळं सोडून द्यायचा. त्यांचं एकत्र स्टुडिओ रेकॉर्डिंग फारच थोडं आहे, त्यामुळे जवळजवळ पन्नास वर्षं आम्ही सगळे हळहळत होतो. मग 2005 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जुन्या टेप्स चाळताना 29 नोव्हेंबर 1957 च्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमाची टेप सापडली, व्हॉइस ऑफ अमेरिकाने केलेली, आवाज स्वच्छ. त्याच वर्षी ब्लू नोटने ती काढली. मला ती सीडी मिळाली त्या रात्री मी 'मंक्स मूड' सलग पाच-सहा वेळा ऐकलं होतं, पुढच्या ट्यूनवर जाववेना.

आता ते सूर चुकलेले नाहीत, ठरवलेले आहेत, याच्या मूळ पुराव्याकडे येतो. 28 फेब्रुवारी 1959 ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मंकने दहा जणांचा बँड उभा केला, ट्रम्पेट, ट्रोम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, तीन सॅक्सोफोन आणि पियानो-बेस-ड्रम्स. मांडणी हॉल ओव्हर्टनची, मंकबरोबर बसून केलेली. त्यात 'लिटल रूटी टूटी' आहे. 1952 मध्ये ट्रिओबरोबर वाजवताना मंकने जो सोलो तिथल्या तिथे घेतला होता, तो ओव्हर्टनने सुराला सूर उतरवून काढला आणि आख्ख्या बँडला वाजवायला दिला. आधी 1952 चं ऐका, आगगाडीच्या शिट्टीसारखे ते टोचणारे झुबके, ते अडखळल्यासारखे तुकडे (ट्यून त्याच्या लहान मुलाच्या लाडक्या नावावरून आहे). मग लगेच टाउन हॉलचं लावा. जे पियानोवर 'चुकल्यासारखं' वाटलं होतं ते सात वाद्यं एकसाथ, एका श्वासात वाजवतायत, आणि एकही सूर इकडचा तिकडे करावासा वाटत नाही. चुकून पडलेला सूर असा सात जणांत वाटून देता येत नाही हो. माझे बरेच विद्यार्थी मंककडे वळले ते या दोन रेकॉर्डिंग्जच्या जोडीमुळे, माझ्या बोलण्यामुळे नाही.

पुढचं भराभर सांगतो. 1962 ला कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीने करार केला, 'मंक्स ड्रीम' खूप खपला, फेब्रुवारी 1964 मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो आला (आधी नोव्हेंबर 1963 मध्ये येणार होता, केनेडींच्या हत्येमुळे पुढे गेला). टेनर सॅक्सोफोनवर चार्ली राउझ 1959 पासून अकरा वर्षं. समीक्षक म्हणतात की कोलंबियाच्या काळात तोच तो बँड, त्याच त्या ट्यून्स. मला वाटतं राउझवर अन्याय झालाय, कोल्ट्रेनसारखा झंझावात तो नव्हता पण मंकची ट्यून आतून कळलेला माणूस तोच, तो सोलोमध्येही मेलडीचं बोट सोडत नाही. त्याच बँडचं एक रेकॉर्डिंग 2020 मध्ये आलं, ऑक्टोबर 1968 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या शाळेत एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने मंकचा कार्यक्रम ठेवला होता आणि शाळेच्या सफाई कामगाराने सांगितलं की मी पियानो ट्यून करून देतो, बदल्यात मला रेकॉर्ड करू दे. काय मोकळं वाजवलंय त्या दुपारी! स्टुडिओतल्या कोलंबिया रेकॉर्ड्सपेक्षा मला ते जास्त आवडतं.

1971 च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये शेवटची मोठी रेकॉर्डिंग्ज झाली, सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर त्याने लोकांसमोर वाजवणं थांबवलं, मनाचं आजारपण बरंच आधीपासून होतं. शेवटची वर्षं न्यू जर्सीत पॅनोनिकाच्या घरी काढली, खोलीत पियानो होता, तो जवळजवळ शिवलाच नाही. 17 फेब्रुवारी 1982 ला गेला.

तर ऐकायचा क्रम. पहिल्या आठवड्यात 'सोलो मंक', कारण त्यात स्ट्राइडचा डावा हात स्वच्छ ऐकू येतो आणि हा माणूस कुठल्या घराण्यातून आलाय ते कळतं. मग 'राउंड मिडनाइट' घ्या आणि फक्त तेच ऐका: 1947 चं ब्लू नोटचं, 1954 चं पॅरिसचं, आणि 1957 च्या 'थेलोनियस हिमसेल्फ' मधलं. या शेवटच्याबरोबर एक वीस मिनिटांहून लांब ट्रॅक मिळतो, तो चुकवू नका, त्यात मंक स्टुडिओत एकटा बसून स्वतःचीच ट्यून, तोवर दहा-बारा वर्षं वाजवून झालेली, परत शोधतोय. सुरुवात करतो, थांबतो, एक कॉर्ड बदलून बघतो, आवडत नाही, परत पहिल्यापासून. मग ती रूटी टूटीची जोडी, मग कार्नेगी हॉल. 'क्रेपस्क्यूल विथ नेली' कुठेही सापडलं की ऐका, नेली आजारी असताना लिहिलेली ट्यून, यात सोलो कोणी घेत नाही, जशी बांधलीय तशीच वाजवायची.

आणि बसवायचं म्हणाल तर 'ब्लू मंक'. बी फ्लॅटमध्येच बसवा, ट्रान्सपोजचं बटण दाबून काळी एकवर नेऊ नका, कारण बोटांखाली येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा यात भाग आहे. पहिला तुकडा ग, म, तीव्र म, प असा लागून चढतो, गळ्याने गाऊन पाठ करा आणि मगच बोटं ठेवा. डाव्या हातात सुरुवातीला दोनच सूर, सा आणि कोमल नी, बाकी भरायचा मोह टाळा. लय 1954 च्या रेकॉर्डिंगपेक्षा थोडी हळू, पाय वाजवत. सूर आणि लय न अडता बारा बार पार झाले की मगच पहिल्या ग वर ती कोमल गंधाराची पट्टी लावून सोडायला लागा, दर फेरीत एकदाच. महिन्याभराने रेकॉर्ड करून पाठवा, मी ऐकेन.